जुना पत्ता, नवा मुक्काम

बेंगळुरूच्या इब्लूर जंक्शनवरून आग्नेयेला जाणारा सर्जापूर रोड कैकोंड्रहळ्ळीचे तळे, दोड्डकन्नेळ्ळी, कार्मेलराम, दोम्मसंद्र अशी ठिकाणे ओलांडत आनेकल तालुक्यातल्या सर्जापूरला पोचतो. याच रस्त्यावर, दोड्डकन्नेळ्ळीला, विप्रोचे मुख्यालय आहे. कंपनीचा जन्म मात्र जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरचा. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड' या नावाने ती स्थापन केली आणि अमळनेरच्या कारखान्यात वनस्पती तूप तयार होऊ लागले. १९६६ मध्ये वडील गेले, तेव्हा एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचे शिक्षण सोडून परतले. पुढे कंपनी संगणकाकडे वळली आणि तिचा पत्ता बदलला. अमळनेरच्या कित्येक घरांनी मात्र तिचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या जपले.

त्या घरांकडे पूर्वी कंपनीचा वार्षिक अहवाल पोस्टाने येई. २०११ मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाने अशी कागदपत्रे ईमेलने पाठवायला मुभा दिली आणि भागधारकाचा ईमेल पत्ता अचानक फार मोलाचा झाला. हा पत्ता बहुतेक वेळा घरातल्या शिकलेल्या मुलाने काढून दिलेला असतो. मुलगा नोकरीला बाहेर पडतो, नवे खाते उघडतो आणि जुन्या खात्यात डोकावणे बंद होते. लाभांश सलग सात वर्षे कोणी घेतला नाही, तर कंपनी कायद्यानुसार ती रक्कम आणि तिच्यामागचे शेअरसुद्धा 'गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधी'कडे वर्ग होतात. ते परत मिळवता येतात, पण त्यासाठी अर्ज, कागदपत्रे आणि वाट पाहणे आलेच. तसे होण्याआधी सूचना देणारे मेल आलेले असतात. ते जिथे येतात तिथे कोणी बघत नसते, एवढेच.

सर्जापूर रोडवर राहणाऱ्या मराठी कुटुंबांत हे रोज घडते. तीन-चार वर्षांनी कंपनी बदलते, दोनदा घर बदलते, कॉलेजचा पत्ता पदवीनंतर बंद होतो, नवरा-बायकोची प्रत्येकी एक-दोन खाती असतात आणि नाशिक-साताऱ्याला आई-बाबांचे एक खाते असते. एवढ्या सगळ्या इनबॉक्सांवर नजर ठेवणे कोणाला जमत नाही. म्हणून एका खात्यात येणारा मेल आपोआप दुसऱ्या खात्याकडे वळवण्याची सोय वापरली जाते. ती लावायला पाच मिनिटे लागतात. पण एकदा लावली की ती डोळ्यांआड जाते आणि वर्षानुवर्षे गुपचूप काम करत राहते. म्हणून ती कोणी लावली, कशासाठी लावली आणि किती दिवसांसाठी लावली, या तिन्हींची उत्तरे आपल्याकडे असायला हवीत.

टपाल पुढे धाडण्याची जुनी रीत

पत्ता बदललेल्या माणसाचे टपाल नव्या पत्त्यावर पाठवणे हे टपाल खात्याचे जुनेच काम. बिऱ्हाड हलवताना पोस्टात अर्ज दिला, की पोस्टमन जुना पत्ता खोडून नवा लिही आणि पत्र पुढे जाई. या कामाला १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोडची मोठी मदत झाली. ती पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखली. ते संस्कृतचे नामवंत लेखकही होते. एकाच नावाची गावे आणि न वाचता येणाऱ्या लिप्या यांतून सहा अंकांनी वाट काढून दिली. आजही कार्मेलरामचा ५६००३५ आणि सर्जापूर गावाचा ५६२१२५ हे आकडे पाहून टपाल कोणत्या कार्यालयात उतरवायचे ते ठरते.

ईमेलचे पुनर्प्रेषण (फॉरवर्डिंग) हेच काम करते, पण एका बाबतीत फार वेगळे आहे. पोस्टमनच्या हातून गेलेल्या पत्रावर खाडाखोड दिसते. मधे कोणीतरी हात लावला, हे पत्र घेणाऱ्याला कळते. ईमेलच्या बाबतीत पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही. आपण लिहिलेला मेल आणखी कुठे पोचला, याचा त्याला पत्ता नसतो. मेल घेणाऱ्यालाही तो थेट आला की वळसा घालून, हे सहसा लक्षात येत नाही.

ईमेलच्या बालपणापासूनची सोय

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्यावर एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाकडे संदेश पाठवला आणि माणसाचे नाव व यंत्राचे नाव वेगळे करण्यासाठी '@' हे चिन्ह निवडले. पत्ता असा दोन भागांत विभागला, की यंत्र बदलल्यावर पत्ताही बदलणार हे ओघाने आलेच. म्हणून ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ईमेलच्या देवाणघेवाणीचे नियम, म्हणजे 'एसएमटीपी', लिहून काढले तेव्हा त्यात स्थलांतरित माणसाचीही तरतूद केली. २५१ या क्रमांकाचे उत्तर म्हणजे 'हा माणूस इथला नाही, पण मी टपाल पुढे पाठवतो' आणि ५५१ म्हणजे 'हा माणूस इथला नाही, तुम्हीच अमुक पत्त्यावर पाठवा'. त्याच सुमारास बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन यांचा 'सेंडमेल' हा प्रोग्रॅम आकाराला आला. युनिक्स वापरणाऱ्याने आपल्या फोल्डरमध्ये 'डॉट फॉरवर्ड' नावाची फाइल ठेवून तिच्यात नवा पत्ता लिहिला, की सेंडमेल त्याचा सगळा मेल तिकडे वळवी. आजच्या जीमेलमधल्या फॉरवर्डिंगच्या चौकटीची ही पूर्वज.

भारतात १९८६ मध्ये 'अर्नेट' हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, तेव्हाच्या पाच आयआयटी आणि दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग अशा आठ संस्था त्यात होत्या. सुरुवातीला मेल डायल-अप फोनवरून टप्प्याटप्प्याने जाई: एक संगणक तो साठवून ठेवी आणि जोडणी झाली की पुढच्या संगणकाला देई. म्हणजे पुढे पाठवणे हाच त्या काळच्या ईमेलचा प्राण होता.

सर्वसामान्यांच्या हातात इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या सेवेतून. पुढच्याच वर्षी, ४ जुलै १९९६ रोजी, सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले. भाटिया शाळेत शिकले ते पुण्यात आणि बेंगळुरूत. हॉटमेलने पत्त्याला नोकरीपासून आणि इंटरनेट कंपनीपासून सोडवले. पत्ता माणसाचा स्वतःचा झाला. त्याच काळात मुंबईच्या रेडिफनेही असंख्य भारतीयांना पहिला पत्ता दिला आणि १ एप्रिल २००४ रोजी जीमेल एक गिगाबाइट जागा घेऊन आले. फुकट पत्ते मिळू लागल्यावर प्रत्येकाकडे दोन-तीन जमले आणि त्यांना एकत्र आणण्याची गरज निर्माण झाली.

पाकिटावर एक, आत दुसरे

मेल वळतो कसा, हे समजून घेतले तर पुढच्या बऱ्याच अडचणींचा उलगडा होतो. प्रत्येक मेलला पत्त्यांच्या दोन जोड्या असतात. आपल्याला स्क्रीनवर 'फ्रॉम' आणि 'टू' दिसतात त्या मजकुराच्या डोक्यावरच्या नोंदी. पण एक सर्व्हर दुसऱ्याशी बोलताना त्या वाचून टपाल वाटत नाही. तो वेगळा पाकिटावरचा पत्ता सांगतो: पाठवणारा हा, घेणारा हा. आपोआप पुनर्प्रेषणात जुन्या खात्याचा सर्व्हर मेल स्वीकारतो, नवे पाकीट घालतो, त्यावर नव्या खात्याचा पत्ता लिहितो आणि पाठवतो. आतला कागद बहुतेक वेळा जसाच्या तसा राहतो. म्हणून बँकेचा मेल नव्या खात्यात आला, तरी 'टू' मध्ये तुमचा जुनाच पत्ता दिसतो.

आउटलुकमध्ये नियम लावताना 'फॉरवर्ड' आणि 'रीडायरेक्ट' असे दोन पर्याय दिसतात. 'फॉरवर्ड' निवडले तर मेल तुम्ही पाठवल्यासारखा दिसतो आणि उत्तर दिले तर ते तुमच्याच जुन्या खात्याकडे येते. 'रीडायरेक्ट' मध्ये मूळ पाठवणाऱ्याचे नाव टिकते आणि उत्तर त्यालाच जाते. दोन खाती जोडणाऱ्याला बहुधा दुसरा पर्याय हवा असतो.

जीमेलमध्ये सोय कशी लावावी

ही सोय मोबाइलच्या अ‍ॅपमधून लावता येत नाही. संगणकावर ब्राउझरमध्ये जुन्या खात्यात लॉगिन करा. उजवीकडे वर असलेल्या दातेरी चाकावर क्लिक करून 'सी ऑल सेटिंग्ज' उघडा आणि 'फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप' या टॅबवर जा. 'अ‍ॅड अ फॉरवर्डिंग अ‍ॅड्रेस' वर क्लिक करून नवा पत्ता लिहा. तो अक्षर अक्षर तपासा.

आता गुगल नव्या पत्त्यावर एक पुष्टीचा मेल पाठवते. त्यातल्या लिंकवर क्लिक करायचे किंवा त्यातला संकेतांक जुन्या खात्यात टाकायचा. ही पायरी कटकटीची वाटली तरी तीच खरे कुंपण आहे: ती नसती तर कोणीही आपला सगळा मेल दुसऱ्याच्या माथी मारू शकला असता. पुष्टी झाली की त्याच टॅबवर परत या आणि 'फॉरवर्ड अ कॉपी' निवडा. त्याच्या शेजारी विचारले जाते, की मूळ प्रतीचे काय करायचे: इनबॉक्समध्ये ठेवायची, वाचलेली म्हणून खूण करायची, आर्काइव्ह करायची की डिलीट. इनबॉक्समध्ये ठेवा. नव्या खात्यात मेल पोचला नाही, तर शोधायला हीच प्रत असते. शेवटी खाली जाऊन 'सेव्ह चेंजेस' करा. हे राहून गेल्यामुळे पुष्कळांचे सगळे कष्ट वाया जातात.

पहिला आठवडाभर जीमेल जुन्या इनबॉक्सच्या वर एक सूचना दाखवत राहते, की तुमचा मेल अमुक पत्त्यावर जात आहे. ती आपण लावलेली नसेल, तर काहीतरी गडबड आहे असे समजावे. आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. स्पॅम ठरलेला मेल पुढे जात नाही, म्हणून चुकून स्पॅममध्ये पडलेल्या महत्त्वाच्या पत्रासाठी जुने खाते अधूनमधून उघडावेच लागते. आणि पुनर्प्रेषण फक्त नव्या मेलचे होते. जुना साठा हवा असेल तर तो 'गुगल टेकआउट' मधून वेगळा उतरवून घ्यावा लागतो.

आउटलुक डॉट कॉममध्ये हीच सोय 'सेटिंग्ज', मग 'मेल', मग 'फॉरवर्डिंग' अशी सापडते आणि तिथेही 'प्रत ठेवा' या पर्यायावर खूण करायला विसरू नये. याहूने १ जानेवारी २०२१ पासून फुकट खात्यांसाठी ही सोय बंद केली. तिथे पैसे भरून ती घ्यावी लागते. जीमेलने दुसऱ्या कंपनीच्या खात्यातून 'पॉप' पद्धतीने मेल ओढून आणण्याची जुनी सोय जानेवारी २०२६ पासून बंद करत असल्याचे जाहीर केले, त्यामुळे त्या मार्गावर विसंबलेल्यांनाही पुनर्प्रेषणाकडे वळावे लागते. फक्त दोन्ही खाती एका जागी वाचायची असतील, तर फोनच्या मेल अ‍ॅपमध्ये दोन्ही जोडावीत. त्यात मेलची जागा बदलत नाही आणि कसलाही नियम मागे राहत नाही.

सगळे नको, निवडक पाठवा

सरसकट सगळा मेल वळवण्यापेक्षा फिल्टर लावणे शहाणपणाचे. जीमेलमध्ये वरच्या शोधपट्टीतून पाठवणाऱ्याचा पत्ता किंवा विषयातला शब्द देऊन फिल्टर बनवता येतो आणि 'फॉरवर्ड इट टु' मध्ये आधी पुष्टी केलेला पत्ता निवडता येतो. बेस्कॉमचे वीजबिल नवऱ्याकडे, शाळेचे परिपत्रक दोघांकडे, म्युच्युअल फंडांचे एकत्रित विवरण हिशेब ठेवणाऱ्याकडे, असे वाटप करता येते.

बँकेचे ओटीपी आणि पासवर्ड बदलण्याच्या लिंक मात्र वळवू नयेत. दोन टप्प्यांची पडताळणी ठेवण्यामागचा हेतूच हा, की दोन किल्ल्या दोन ठिकाणी असाव्यात. त्या एका इनबॉक्समध्ये आणून ठेवल्या तर ते एक खाते फुटताच सगळी खाती उघडी पडतात.

आई-बाबांच्या खात्यावर हा नियम लावायचा असेल, तर त्यांना शेजारी बसवून लावावा. काय-काय पुढे जाईल ते सांगावे आणि त्यांची हरकत असेल ते वगळावे. डॉक्टरांचे अहवाल, बँकेची विवरणे, नातेवाइकांची पत्रे हे सगळे त्यांचे आहे. बेंगळुरूत बसून मुलाने मदत करणे वेगळे आणि त्यांच्या नकळत सगळे वाचणे वेगळे. लाभांशाच्या सूचना, विम्याचे हप्ते आणि आयकर विभागाचे मेल एवढे तीन फिल्टर लावले तरी बहुतेक घरांचे काम भागते.

पुढे पाठवलेला मेल हरवतो का

पुनर्प्रेषण लावल्यावरही काही मेल पोचत नाहीत, अशी तक्रार हमखास येते. तिचे मूळ पाकिटाच्या त्या दुहेरी पत्त्यात आहे. बँकेच्या नावाने कोणीही मेल पाठवू नये म्हणून गेल्या वीस वर्षांत तीन तपासण्या आल्या. 'एसपीएफ' मध्ये बँक जाहीर करते, की आमचा मेल फक्त या-या सर्व्हरवरून निघतो. 'डीकेआयएम' मध्ये मेलवर डिजिटल सही असते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डीमार्क' मध्ये बँक सांगते, की या दोन्ही तपासण्यांत नापास झालेल्या मेलचे काय करावे.

आता बघा: बँकेचा मेल तुमच्या जुन्या खात्यात आला आणि तिथून नव्या खात्याकडे निघाला. नव्या खात्याच्या सर्व्हरला तो जुन्या खात्याच्या सर्व्हरवरून येताना दिसतो आणि बँकेच्या यादीत तो सर्व्हर नसतो. एसपीएफची तपासणी फसते. डिजिटल सही शाबूत असेल तर मेल वाचतो. पण वाटेत मजकुराला कोणी हात लावला, उदाहरणार्थ तळाशी 'हा मेल बाहेरून आला आहे' अशी ओळ जोडली, तर सहीसुद्धा मोडते आणि मेल स्पॅममध्ये जातो किंवा परत फिरतो. यावर उपाय म्हणून २०१९ मध्ये 'आर्क' नावाची पद्धत प्रसिद्ध झाली. मधला सर्व्हर तिच्यात लिहून ठेवतो, की माझ्याकडे आला तेव्हा हा मेल खरा होता. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांवर या तपासण्यांची सक्ती केली, त्यामुळे त्यांचे महत्त्व आणखी वाढले.

सामान्य माणसाने यातून एवढेच घ्यावे: सोय लावल्यावर पहिला महिना नव्या खात्याचे स्पॅम फोल्डर रोज उघडून पाहावे, हवे असलेले मेल 'नॉट स्पॅम' म्हणून खुणावेत आणि एक खाते दुसऱ्याकडे व दुसरे पुन्हा पहिल्याकडे असा उलटसुलट नियम कधीच लावू नये. तसा मेल गोल-गोल फिरत राहतो. प्रत्येक सर्व्हर मेलवर आपला शिक्का मारतो आणि शिक्क्यांची संख्या मर्यादेबाहेर गेली की तो थांबवला जातो, पण तोवर इनबॉक्स भरून गेलेला असू शकतो.

ऑफिसचा मेल घरी आणू नये

सर्जापूर रोड आणि आउटर रिंग रोडच्या टेक पार्कमध्ये काम करणाऱ्यांसाठी हा सगळ्यात नाजूक मुद्दा. ऑफिसचा मेल आपल्या जीमेलवर वळवला तर सुट्टीतही काम बघता येईल, असा विचार मनात येतो तो प्रामाणिकपणेच. पण त्या मेलमध्ये ग्राहकाचा डेटा असतो, करार असतात, कधी परदेशी रुग्णांची माहितीही असते. ती कंपनीच्या कुंपणाबाहेर आपोआप जाऊ देणे हा बहुतेक नोकरीच्या करारांचा भंग आहे. म्हणूनच मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये संस्थेबाहेर आपोआप होणारे पुनर्प्रेषण मुळातच बंद असते. नियम लावला तरी मेल बाहेर जात नाही आणि 'तुमची संस्था बाहेर पाठवायला परवानगी देत नाही' असे उत्तर येते. गुगलच्या कार्यालयीन खात्यांतही व्यवस्थापक ही सोय बंद करू शकतो. भारत सरकारच्या ईमेल धोरणानेही सरकारी खात्यातला मेल अधिकाऱ्याच्या खासगी खात्याकडे वळवायला मनाई केली आहे.

उलट दिशेची चूक अधिक घरांत होते. पगार खाते, म्युच्युअल फंड, डीमॅट, विमा, मुलांची शाळा अशा सगळीकडे ऑफिसचाच पत्ता दिलेला असतो, कारण दिवसभर तोच उघडा असतो. लास्ट वर्किंग डेच्या संध्याकाळी लॅपटॉप जमा होतो, लॉगिन बंद होते आणि त्या पत्त्यावर येणारी पत्रे पुन्हा कधी दिसत नाहीत. पुनर्प्रेषणाची मुभा नसल्यामुळे इथे एकच इलाज उरतो: नोटीस पीरियड सुरू होताच, प्रत्येक ठिकाणी जाऊन पत्ता बदलणे. इनबॉक्समध्ये 'स्टेटमेंट', 'पॉलिसी', 'फोलिओ', 'ओटीपी' असे शब्द शोधले की कोण-कोण या पत्त्यावर लिहिते त्याची यादी तयार होते. आयकर पोर्टल, भविष्य निर्वाह निधी आणि बँक या तिन्हींपासून सुरुवात करावी.

सोसायटीच्या कमिटीचे खाते

या रस्त्यावरच्या शेकडो अपार्टमेंटांत रहिवाशांची संघटना असते. कमिटी बदलते, पण सेक्रेटरीच्या नावाचे मेल खाते तेच राहते. सोयीसाठी ते नव्या सेक्रेटरीच्या खासगी पत्त्याकडे वळवले जाते. दोन वर्षांनी तो फ्लॅट विकून जातो आणि सभासदांच्या तक्रारी, पाण्याच्या टँकरवाल्याची बिले, भाडेकरूंची ओळखपत्रे त्याच्याकडे जातच राहतात. यात त्याचा दोष नाही; नियम काढायचे काम कोणाचेच नव्हते.

अशा ठिकाणी एका व्यक्तीकडे वळवण्याऐवजी ग्रुप बनवावा, ज्यात सभासद घालता आणि काढता येतात. कमिटीच्या हस्तांतरणाच्या कागदावर बँकेच्या सह्यांच्या शेजारी एक ओळ असावी: मेल खात्याचा पासवर्ड बदलला, फॉरवर्डिंग तपासले. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लोकांची माहिती सांभाळणाऱ्यावर जबाबदारी टाकतो. त्याची सवय या एका ओळीपासून लागू शकते.

चोरही हीच सोय वापरतो

खाते फोडणारा चोर पासवर्ड मिळाल्यावर बहुधा लगेच काही करत नाही. तो फॉरवर्डिंगचा नियम लावतो आणि निघून जातो. 'इन्व्हॉइस', 'पेमेंट', 'बँक' असे शब्द असलेला प्रत्येक मेल त्याच्याकडे जाऊ लागतो. दोन व्यावसायिकांत पैशांचे बोलणे ठरले की तो मधेच खोट्या खाते क्रमांकाचा मेल घुसवतो. मालकाला संशय येऊन त्याने पासवर्ड बदलला, तरी नियम तसाच चालू राहतो, कारण पासवर्ड आणि नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने नेमक्या याच युक्तीबद्दल उद्योगांना सावध केले. तिथल्या तक्रार केंद्राच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये अशा व्यावसायिक ईमेल फसवणुकीत सुमारे २.९ अब्ज डॉलरचे नुकसान झाले. माहिती तंत्रज्ञानात मुरलेल्या कंपन्याही जाळ्यात सापडतात: एप्रिल २०१९ मध्ये विप्रोने मान्य केले, की आपल्या काही कर्मचाऱ्यांची खाती फिशिंगच्या हल्ल्याला बळी पडली होती.

म्हणून संशय आला की पासवर्ड बदलून थांबू नये. 'फॉरवर्डिंग' चा टॅब पाहावा, 'फिल्टर्स' चा टॅब पाहावा, खात्यात दुसऱ्या कोणाला प्रवेश दिलेला आहे का ते पाहावे आणि लॉगिन असलेली सगळी अनोळखी उपकरणे बाहेर काढावीत. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता अधिक.

नियमाला मुदत असावी

पुनर्प्रेषण चालू आहे म्हणून जुने खाते जिवंत राहील, असे समजू नये. गुगलने डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टही दोन वर्षांतून एकदा तरी लॉगिन मागते. मेल यंत्राने पुढे पाठवला म्हणजे माणसाने खाते वापरले असे होत नाही. सगळे व्यवस्थित चालले आहे असे वाटत असताना एके दिवशी खाते बंद होते आणि त्याच्याबरोबर पत्ताही जातो. दर तीन महिन्यांनी जुन्या खात्यात लॉगिन करायची आठवण फोनच्या कॅलेंडरमध्ये लावून ठेवावी.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पुनर्प्रेषण सुरू करतानाच ते बंद करायची तारीख ठरवावी. एक वर्ष पुरेसे असते, कारण वर्षातून एकदाच येणारी पत्रेही, म्हणजे विम्याचे नूतनीकरण, वार्षिक सभेची सूचना, आयकराचा मेल, एवढ्या काळात एकदा येऊन जातात. वळून आलेला प्रत्येक मेल म्हणजे कुठेतरी जुना पत्ता अजून नोंदलेला आहे, याची खूण. तो वाचून झाला की लगेच त्या संस्थेच्या पोर्टलवर जाऊन पत्ता बदलावा. माणसांना उत्तर देताना नव्या पत्त्यावरूनच द्यावे, म्हणजे त्यांच्याकडेही तो आपसूक नोंदला जातो. महिन्यागणिक वळून येणारे मेल कमी होतात, आणि शेवटी जाहिराती तेवढ्या येत राहतात. तेव्हा नियम काढून टाकावा.

घरातल्या महत्त्वाच्या कागदांच्या फाइलमध्ये एक पान यासाठी राखून ठेवा. कोणते खाते कोणत्या खात्याकडे वळवले आहे, कोणत्या तारखेला, कोणत्या मेलसाठी आणि कधीपर्यंत, हे चार रकाने त्यावर आखा. पासवर्ड त्यावर लिहू नका. जोडीदाराला आणि आई-बाबांना ते पान कुठे आहे हे सांगून ठेवा. आज संध्याकाळी आपल्या खात्याचा फॉरवर्डिंगचा टॅब उघडून पाहा. तिथे दिसणारा प्रत्येक पत्ता कोणाचा आहे हे तुम्हाला सांगता आले पाहिजे, आणि जो सांगता येणार नाही तो तिथल्या तिथे काढून टाका.